टोपी कोणी कोणाला घातली?

वाचकहो, मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे काय हे आपल्यापैकी कोणाला समजावून सांगायला नको. भिशीचे पैसे घेऊन जो गाव सोडून गेला त्याने आपल्याला टोपी घातलेली असते. ऑस्ट्रेलियात १९९० सालापासून, मधली काही वर्षे सोडली तर, एक वेगळीच टोपी गाजते आहे. इंग्रजीत टोपीला कॅप म्हणतात आणि वरच्या मर्यादेलाही कॅपच म्हणतात. रग्बी लीग या खेळात एका क्लबने आपल्या सगळ्या खेळाडूंच्या पगारावर वर्षाला एकूण किती पैसा खर्च करावा, याची कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. तिचे नाव सॅलरी कॅप. आणि ही कॅप डोक्यावर असतानाच कोणी कोणाला टोपी घातली, यावर सिडनीच्या घराघरात, बसमध्ये, कामाच्या ठिकाणी डबा खाताना वाद झडतात. आपल्याकडे निवडणुकीनंतर मतमोजणीवर जसे बोलतात, तितक्या तावातावाने.

हा खेळ आपल्या ओळखीचा नाही. पण कबड्डी पाहिलेल्या माणसाला तो अगदीच परका वाटणार नाही. दोन्ही बाजूंना तेरा-तेरा गडी. चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्याने अंगाला भिडून खाली पाडायचे. सहा वेळा पाडले की चेंडू दुसऱ्या बाजूला जातो. पलीकडच्या रेषेपार चेंडू जमिनीला टेकवला की चार गुण, त्यानंतर लाथेने खांबांमधून चेंडू मारला की आणखी दोन. अंगावर ना चिलखत ना जाड गाद्या. सामना संपला की खेळाडू चिखलाने आणि रक्ताने माखलेला असतो. असा हा कष्टाचा खेळ, आणि तो जन्मालाही कष्टकऱ्यांच्या प्रश्नातूनच आला. ती हकिकत आधी सांगतो, कारण आजच्या भांडणाचे मूळ तिथे आहे.

इंग्लंडच्या उत्तरेकडे यॉर्कशायर आणि लँकेशायर हे कापड गिरण्यांचे आणि कोळसा खाणींचे मुलूख. तिथले रग्बी खेळाडू म्हणजे गिरणीतले आणि खाणीतले कामगार. शनिवारी अर्धा दिवस काम असायचे. सामना दूरगावी असला की कामावर खाडा, आणि खाडा पडला की पगार कापला. आपल्या गिरणगावातल्या जुन्या माणसांना खाडा म्हणजे काय ते माहीत आहे. या कामगारांचे म्हणणे इतकेच होते की, खेळाच्या पायी जो रोज बुडतो तेवढा भरून द्या. १८९३ साली लंडनच्या बैठकीत यॉर्कशायरच्या मंडळींनी तसा ठराव मांडला आणि तो आपटला. खेळ हा सभ्य गृहस्थांचा, त्यात पैसा नको, असे बहुमताचे मत पडले. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला हे म्हणायला काय जाते?

मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. खाड्याची भरपाई मान्य झाली, पण दिवसाला सहा शिलिंग, त्यावर नाही! म्हणजे बघा, कामगाराला खेळाचे पैसे द्यायचे ठरले त्याच दिवशी त्या पैशावर मर्यादाही बसली. आज लोक सॅलरी कॅपला आधुनिक शोध समजतात, पण तिचे बारसे खेळाच्या बारशाबरोबरच झालेले आहे.

सिडनीतही तेच घडले. १९०७ साली ॲलेक बर्डन नावाच्या खेळाडूचा खांदा सामन्यात जायबंदी झाला. कामावर जाता येईना आणि जुनी संघटना औषधपाण्याला पैसा देईना. त्या असंतोषातून नवी लीग उभी राहिली आणि १९०८ साली पहिला हंगाम झाला. गंमत म्हणजे या बंडाच्या बैठका व्हायच्या त्या व्हिक्टर ट्रम्परच्या खेळसाहित्याच्या दुकानात. हाच तो क्रिकेटमधला महान फलंदाज ट्रम्पर. नव्या लीगचा पहिला खजिनदारही तोच.

आता आजच्या टोपीकडे येऊ. सिडनीचे क्लब मोहल्ल्यामोहल्ल्याचे. कोणी गोदीजवळचा, कोणी श्रीमंत पूर्व भागातला, कोणी शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांचा. ज्या क्लबाजवळ पैसा जास्त तो चांगले खेळाडू उचलणार आणि गरीब क्लब दरवर्षी मार खाणार, हे उघड होते. म्हणून १९९० साली मर्यादा आली. त्याच्याच जोडीला आणखी एक नियम आणला गेला. करार संपलेल्या खेळाडूने कोणत्या क्लबात जायचे ते क्लबांनी पाळीपाळीने निवडायचे. खेळाडू त्याविरुद्ध न्यायालयात गेले. कामगाराने कोणत्या कारखान्यात काम करायचे हे मालकांनी आपसात कसे ठरवायचे, हाच सवाल होता. १९९१ साली फेडरल न्यायालयाच्या पूर्ण पीठाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि तो नियम गेला. पगाराची मर्यादा मात्र राहिली.

मर्यादा चांगली की वाईट? प्रामाणिकपणे सांगायचे तर मला दोन्ही बाजू पटतात. मर्यादा नसेल तर चार श्रीमंत क्लब सगळे गिळतील आणि वस्तीतला क्लब बंद पडेल. पण ही मर्यादा शेवटी मजुरीवरची मर्यादा आहे हेही खरे. खेळाडूची कमाई सात-आठ वर्षांची, गुडघा गेला की संपली. क्लबाच्या उत्पन्नावर मात्र अशी टोपी नाही. आणि ते उत्पन्न कुठून येते? न्यू साऊथ वेल्समध्ये १९५६ पासून क्लबांना जुगाराची यंत्रे ठेवायला कायदेशीर परवानगी आहे. क्लबाच्या इमारतीत दिवे लुकलुकणारी ती यंत्रे रांगेने मांडलेली असतात आणि तिथे पैसे टाकणारा बहुतेक वेळा त्याच वस्तीतला कष्टकरी असतो. आठवड्याचा पगार यंत्रात, त्यातून आपल्याच आवडत्या खेळाडूचा पगार. हे चक्र आपल्याकडच्या माताभगिनींना दारूच्या गुत्त्यावरून चटकन कळेल.

आता पहिल्या मोठ्या प्रकरणाकडे वळतो. सिडनीच्या कॅंटरबरी भागातला बुलडॉग्ज क्लब. त्याचे चाहते बरेचसे स्थलांतरित कुटुंबांतले, त्यांत लेबनानी मोठ्या संख्येने. हाझेम एल मसरी हा लेबनानमध्ये जन्मलेला खेळाडू त्यांचा लाडका. २००२ साली या क्लबने सलग १७ सामने जिंकले. अजिंक्यपद जवळजवळ खिशात होते. अशा वेळी ऑगस्ट महिन्यात ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ या दैनिकाच्या केट मॅक्लिमाँट आणि ॲन डेव्हिस या दोन पत्रकार महिलांनी बातमी फोडली. त्या खेळाच्या पानावर लिहिणाऱ्या नव्हेत. लिव्हरपूल भागातल्या एका मोठ्या बांधकाम प्रकल्पाचा त्या पाठपुरावा करीत होत्या आणि त्या धाग्याला धरून खेळाडूंना आडवाटेने दिलेल्या पैशापर्यंत पोचल्या. लीगने क्लबचे ३७ गुण कापले, पाच लाख डॉलर दंड केला. पहिल्या क्रमांकावरचा क्लब थेट तळाला गेला. तळाला राहणाऱ्याला तिथे ‘लाकडी चमचा’ मिळाला म्हणतात.

चाहत्यांचा राग कोणावर निघाला? ज्यांनी कच्ची वही ठेवली त्यांच्यावर थोडा, आणि ज्यांनी ती उघडी केली त्यांच्यावर फार. मॅक्लिमाँट यांना धमक्या आल्या. त्याच वर्षी या दोघींना पत्रकारितेतला तिथला सर्वोच्च मान, गोल्ड वॉक्ले पुरस्कार, मिळाला हेही नोंदवले पाहिजे. इथे माझे मन थोडे थबकते. सबंध हंगाम मैदानाच्या कडेला बसलेले, खेळाडूंशी खांद्याला खांदा लावून फोटो काढणारे क्रीडा-पत्रकार होते. त्यांच्यापैकी कोणाला ही बातमी मिळाली नाही, आणि बांधकामाची कागदपत्रे चाळणाऱ्या दोन स्त्रियांना मिळाली. क्रीडा-पत्रकाराला उद्याही त्याच ड्रेसिंग रूममध्ये जायचे असते. व्यवस्थापकाने दार बंद केले तर त्याचा रकाना कोरा राहील. त्याला लाच द्यावी लागत नाही, दार उघडे ठेवले तरी पुरते.

दुसरे प्रकरण याहून मोठे. मेलबर्न स्टॉर्म हा क्लब १९९८ साली सुरू झाला. मेलबर्न हे दुसऱ्याच फुटबॉलचे शहर, तिथे रग्बी लीग रुजवायची म्हणून तो मुद्दाम काढलेला. कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉंक, ग्रेग इंग्लिस असे एकाहून एक खेळाडू एकाच संघात. २००६ पासून २००९ पर्यंत चारही वर्षे अंतिम सामना गाठला आणि २००७ व २००९ साली जिंकला. इतर क्लबांचे चाहते बोटे मोजून म्हणत, एवढे सगळे या मर्यादेत बसतातच कसे? मेलबर्नचे चाहते म्हणत, जळता तुम्ही. आमच्या क्लबावर प्रेम म्हणून पोरे कमी पैशात खेळतात.

२२ एप्रिल २०१० रोजी लीगचे प्रमुख डेव्हिड गॅलप यांनी जाहीर केले की संशय खरा होता. क्लबजवळ दोन हिशेब होते. एक लीगला दाखवायचा, एक कपाटात ठेवायचा. आपल्याकडच्या व्यापाऱ्याची पक्की वही आणि कच्ची वही, तसेच. खेळाडूचा एक करार नोंदवलेला आणि बाकीचे पैसे देण्याची हमी वेगळ्या पत्रात. त्या वर्षीची मर्यादा ४१ लाख डॉलर होती. आरंभी वाटले की पाच वर्षांत १७ लाख डॉलर जास्त दिले गेले, पुढे हिशेबतपासनिसांनी खोलात पाहिले तेव्हा तो आकडा ३१ लाखांच्या वर गेला. २००७ आणि २००९ ची अजिंक्यपदे काढून घेतली. बक्षिसाची रक्कम आणि दंड मिळून सुमारे १७ लाख डॉलर भरायला लावले. आणि सर्वात जिव्हारी लागणारी शिक्षा ही की, उरलेल्या हंगामात कितीही जिंकलात तरी गुण शून्य.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला मैदानात उतरायचे, हाडे मोडेपर्यंत खेळायचे, जिंकायचे, आणि तक्त्यावर आपल्यापुढे शून्यच. चूक कार्यालयात बसलेल्यांची होती, पण शून्य सगळ्यांच्या नावापुढे लागले, तिकीट काढून आलेल्या पोरासोरांच्याही. तरी ते खेळले आणि बरेच सामने जिंकलेही. त्याबद्दल मला त्या खेळाडूंविषयी आदर वाटतो, मग त्यांना किती ठाऊक होते आणि किती नव्हते हा वाद काहीही असो.

परंतु या प्रकरणाचा खरा गाभा पुढेच आहे. मेलबर्न स्टॉर्मचा मालक कोण? न्यूज लिमिटेड, म्हणजे रूपर्ट मर्डॉक यांची वृत्तपत्र कंपनी. ज्या लीगने शिक्षा दिली तिची अर्धी मालकी कोणाची? न्यूज लिमिटेडची. सिडनीतले ‘डेली टेलिग्राफ’ आणि मेलबर्नमधले ‘हेरल्ड सन’ ही खपाची दैनिके कोणाची? न्यूज लिमिटेडची. केबल टीव्हीवर सामने दाखवणाऱ्या कंपनीतही तीच भागीदार. खेळणारा तोच, पंच नेमणारा तोच, दाखवणारा तोच आणि दुसऱ्या दिवशी त्यावर अग्रलेख लिहिणाराही तोच! न्याय म्हणून सांगितले पाहिजे की या दैनिकांनी बातमी दडपली नाही, पहिल्या पानावर मोठ्या मथळ्यांनी छापली. कंपनीच्या वरिष्ठांनी क्लबच्या जुन्या कारभाऱ्यांवर कठोर शब्दांत टीका केली. पण चाहत्याच्या मनातला प्रश्न त्याने गेला नाही. मालकाच्या घरी चोरी झाली तेव्हा मालकाच्या पहारेकऱ्याला इतकी वर्षे काहीच कसे दिसले नाही?

ही मालकी आली कुठून, तेही मागचे पान उलटून पाहू. १९९५ साली मर्डॉक यांना केबल टीव्हीसाठी खेळ हवा होता. जुन्या लीगचे हक्क केरी पॅकर यांच्या वाहिनीकडे होते. तेव्हा मर्डॉक यांच्या माणसांनी एप्रिलच्या सुरुवातीला धडाधड खेळाडूंशी करार करायला सुरुवात केली. रात्रीतून पगार दुप्पट-तिप्पट झाले. मर्यादा कुठल्या कुठे उडाली. १९९७ साली दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या आणि दोन्हीकडे स्टेडियम ओस पडले. मग समझोता झाला, १९९८ साली एकच लीग आली आणि मर्यादा पुन्हा बसवली. म्हणजे दोन धनाढ्य भांडत होते तोवर मजुरीला आभाळ मोकळे होते, आणि त्यांची गट्टी जमताच पुन्हा छप्पर. हे काही रग्बीपुरते नवल नाही.

समझोत्यात ठरले की क्लब चौदाच ठेवायचे. त्यात १९०८ सालचा, सर्वात जास्त अजिंक्यपदे मिळवलेला साऊथ सिडनी क्लब १९९९ च्या हंगामानंतर बाहेर काढला गेला. रेडफर्न या गरीब वस्तीचा क्लब. तिथे आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने राहात आणि ती या लाल-हिरव्या रंगावर जीव टाकीत. लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २००० मधल्या मोर्चाला ऐंशी हजारांच्या आसपास माणसे होती असे सांगतात. म्हाताऱ्या आजीबाई, कडेवर मुले घेतलेल्या बाया, गिरणी-गोदीतले निवृत्त कामगार. आणि त्यांनी काय केले? न्यूज लिमिटेडची वर्तमानपत्रे विकत घेणे बंद केले, केबलची जोडणी तोडली. २००१ साली न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला आणि २००२ साली क्लब परत मैदानात आला. पुढे २००३ मध्ये वरच्या न्यायालयात निकाल फिरला, पण तोवर क्लब परतला होता आणि तो राहिला. परतल्याच्या पहिल्या वर्षी तो शेवटून दुसरा आला. शेवटचा होता, गुण कापले गेलेला बुलडॉग्ज!

सिडनीत आजही असे साऊथ सिडनीचे जुने चाहते आहेत जे काही केल्या ‘डेली टेलिग्राफ’ला हात लावत नाहीत. वर्तमानपत्र उघडण्याआधी त्याचा मालक कोण हे बघावे, ही सवय आपल्या वाचकांना मी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे चेन्नईच्या आयपीएल संघाची मालक कंपनी ज्यांची, तेच क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाला तो नियम रद्द करावा लागला. तोवर टीव्हीवर समालोचन करणारे किती जण त्यावर बोलले, हे ज्याचे त्याने आठवावे.

न्यूज लिमिटेडने २०१२ साली लीगची भागीदारी सोडली, खेळाचा कारभार स्वतंत्र आयोगाकडे गेला. २०१३ साली स्टॉर्म क्लबही विकला. मग आता सगळे निर्मळ झाले का? तसे म्हणवत नाही. बुलडॉग्जची बातमी फोडणारे ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ तेव्हा वेगळ्या घराण्याचे होते. २०१८ साली ते नाइन या टीव्ही कंपनीत विलीन झाले आणि नाइन ही रग्बी लीगचे सामने दाखवणारी वाहिनी. ज्या मालाची जाहिरात करायची त्याच मालातला खोटेपणा शोधायचा, अशी ही दुहेरी नोकरी. त्यातूनही चांगले पत्रकार काम करतात, ते मी नाकारीत नाही. पण वाचकाने त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवावा अशी परिस्थिती नाही.

आता संशयाच्या दुसऱ्या बाजूकडे या. चाहता संशय घेतो तो कशाच्या आधारे? वर्तमानपत्रातल्या आकड्यांच्या. अमुक खेळाडूने दहा लाखांचा करार केला, तमुकाला आठ लाख. चाहता कागद-पेन्सिल घेऊन बसतो, बेरीज मर्यादेच्या वर जाते आणि तो टेबलावर हात आपटतो. पण ते आकडे आले कुठून? लीग प्रत्येक खेळाडूचा पगार जाहीर करीत नाही. आकडा सांगतो बहुतेक वेळा खेळाडूचा एजंट, आणि आपल्या मालाचा भाव जास्त सांगण्यात त्याचा फायदा असतो. एका क्लबने एवढे देऊ केले असे छापून आले की दुसरा क्लब घाबरून बोली वाढवतो. पत्रकाराला बातमी मिळते, एजंटाला दलाली वाढते, आणि चाहत्याच्या हाती उरते एक खोटी बेरीज. लग्नाच्या बाजारात वरपक्षाकडून ‘आम्हाला अमुक ठिकाणाहून एवढे येत होते’ असे ऐकलेल्या बापाला हा हिशेब लगेच उमगेल.

याचे मोठे उदाहरण म्हणजे सिडनीच्या पूर्व भागातला रूस्टर्स क्लब. १९०८ पासून एकही हंगाम न चुकवलेला हा एकच क्लब, आणि वस्ती श्रीमंतांची. २०१८ साठी त्यांनी मेलबर्नचा कूपर क्रॉंक आणि जेम्स टेडेस्को असे दोन अव्वल खेळाडू एकदम घेतले आणि २०१८ व २०१९ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे जिंकली. बाकीच्या चाहत्यांनी विनोद केला की, इतरांना टोपी, रूस्टर्सला मात्र सोम्ब्रेरो. सोम्ब्रेरो म्हणजे मेक्सिकोतली ती भली रुंद काठाची हॅट, जिच्याखाली चार माणसे उन्हातून वाचतील! हा विनोद इतका चालला की क्लबावर काही सिद्ध झाले आहे असेच लोकांना वाटू लागले. वस्तुस्थिती ही की, बुलडॉग्ज किंवा स्टॉर्मसारखा ठपका रूस्टर्सवर आलेला नाही. त्यांचे चाहते म्हणतात, जिंकणाऱ्या संघात खेळायला खेळाडू चार पैसे कमी घेतो, त्यात गुन्हा कसला? त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

पण नियमात एक फट आहे, तीही सांगितली पाहिजे. बाहेरची एखादी कंपनी खेळाडूला जाहिरातीसाठी स्वतंत्र पैसे देऊ शकते आणि ते मर्यादेत धरले जात नाहीत. अट एवढीच की क्लबाने तो व्यवहार जुळवून देता कामा नये, त्याची हमी घेता कामा नये, आणि करार लीगकडे नोंदवलेला हवा. कागदावर अट चोख आहे. पण क्लबाच्या मेजवानीत कारखानदार आणि खेळाडू शेजारी बसले, तर ओळख कोणी करून दिली हे कोण सिद्ध करणार? श्रीमंत वस्तीतल्या क्लबाला असे कारखानदार दाराशी मिळतात, दूरच्या क्लबाला ते शोधावे लागतात. त्यामुळे नियम न मोडताही पारडे झुकते. चाहत्यांचा संशय इथे पुराव्याअभावी चुकीचा असेल, पण त्याची तक्रार चुकीची नाही.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. सिडनीच्या पश्चिमेचा पेनरिथ क्लब २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे जिंकला. त्यांच्यावरही बोटे उठलीच. पण त्यांची पोरे बहुतांश जवळपासच्या वस्त्यांतून लहानपणापासून वाढवलेली, त्यांत सामोआ-टोंगा बेटांवरून आलेल्या कामगारांची मुले बरीच. आणि दर वर्षी या क्लबाला मर्यादेपायी कोणी ना कोणी सोडावा लागला. २०२२ नंतर कोरोइसाऊ आणि किकाऊ गेले, २०२३ नंतर क्रायटन, २०२४ नंतर लुआई. जिंकल्याच्या आनंदात घरचा मुलगा दुसऱ्याच्या दारी पाठवायचा. टोपी खरोखर डोक्यावर असली की ती अशी घट्ट बसते.

सर्वात जास्त कीव मला येते ती पॅरामॅटाच्या चाहत्याची. पश्चिम सिडनीचा हा जुना क्लब शेवटचा जिंकला १९८६ साली. २००९ साली त्यांनी सगळ्यांना थक्क करीत अंतिम फेरी गाठली आणि २३-१६ असे हरले. हरवणारा संघ मेलबर्न स्टॉर्म. सहा महिन्यांनी कळले की समोरचा संघ दोन नंबरच्या पैशावर उभा होता. पॅरामॅटाच्या घरात पोरांनी बापाला विचारले असेल, मग आता आपण विजेते ना? लीगने सांगितले, नाही, विजेता कोणीच नाही.

त्या दिवसापासून सात वर्षांच्या आत, २०१६ साली, चौकशीत निघाले की पॅरामॅटाच्याच कारभाऱ्यांनी २०१३ पासून मर्यादा मोडली होती. बाहेरच्या कंपन्यांचे म्हणून दाखवलेले करार पडद्याआडून क्लबनेच जुळवले होते. १२ गुण कापले, दहा लाख डॉलर दंड झाला, पाच कारभाऱ्यांची नोंदणी रद्द झाली. ज्याने सहा वर्षे ‘आम्हाला फसवले’ म्हणून शेजाऱ्याशी भांडण केले, त्याला आता शेजारी दारात उभा राहून हसत होता. तरी तो निळा-पिवळा शर्ट घालून पुढच्या सामन्याला गेलाच. २०२२ साली पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, या वेळी पेनरिथकडून. २००९ च्या अजिंक्यपदाची जागा आजही रिकामीच आहे.